पाणी विसरायला लावणारा माणूस

उस्तादांच्या शेडमध्ये नुसतं पाणी मागून मिळत नसे. कोपऱ्यात माठ, माठावर झाकण, झाकणावर पितळी पेला आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेले उस्ताद. कवायत करून घामाघूम झालेला माणूस पेल्याला हात घालायला गेला की त्यांची काठी आडवी यायची. "कशापायी?" माणसाने "पिण्यासाठी" असं खणखणीत सांगायचं, मग काठी वर. नुसतं "पाणी" म्हणणाऱ्याला मैदानाला आणखी एक फेरी. चूळ भरायची असो की तोंडावर पाणी मारायचं असो, कारण सांगितल्याशिवाय थेंब मिळायचा नाही. नवी मुंबईतल्या पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत सगळे त्यांना येडा म्हणत. मीही म्हणत असे, आणि मी तर ते जिथे शिकवत त्याच एजन्सीत कारकून होतो.

नव्वदनंतरची ती वर्षं. आमची एजन्सी सिक्युरिटी गार्ड पुरवायची. मालकाला आम्ही शेठ म्हणायचो. आधी त्याचे दोन टेम्पो होते, मग त्याने ओळखलं की माल वाहण्यापेक्षा माणसं उभी करण्यात जास्त बरकत आहे. एका गाळ्यात ऑफिस आणि मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड, हे आमचं ट्रेनिंग सेंटर. कंपन्या तेव्हा शहाण्या व्हायला लागल्या होत्या. कुणीही काठी घेऊन गेटवर बसलेला त्यांना चालत नव्हता. करारातच लिहिलेलं असायचं: उंची-छातीचं माप, पोलीस पडताळणी, एकवीस दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रशिक्षकाच्या सहीचं सर्टिफिकेट. त्या सहीसाठी शेठने उस्तादांना ठेवलं होतं. सहीखाली 'निवृत्त हवालदार' असा शिक्का दिसला की कंपनीचे साहेब खूश होत. शेठला हवा होता शिक्का. आला मात्र माणूस, तिथेच सगळं बिघडलं.

ते साताऱ्याकडचे. उंच, हाडकुळे, मिशा पिकलेल्या पण कातरलेल्या. कोपरखैरण्यात एका खोलीत एकटे राहत, स्वतः भाकरी थापत. घरचं कधी बोलत नसत. रोज सकाळी ऑफिसात आले की गेटवरच्या व्हिजिटरच्या वहीत नाव, वेळ, कोणाला भेटायचं, सगळं लिहीत. 'कोणाला भेटायचं' या रकान्यात रोज एकच उत्तर: 'पोरांना'. पोरं म्हणजे चाळिशीचे बापे, कुणी गिरणीतून बाहेर पडलेले, कुणी गावाकडून आलेले. त्यांना उस्ताद पोरंच म्हणत.

पहिला दिवस मापाचा आणि कवायतीचा. दुसऱ्या दिवशी आग. मैदानात अर्धा कापलेला ड्रम, त्यात तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवलेल्या. बाजूला दोन बादल्या, एकीत पाणी, एकीत वाळू. उस्ताद शिट्टी वाजवायचे आणि एकेकाचं नाव पुकारायचे. धावत गेलेला माणूस पाण्याच्या बादलीलाच हात घालायचा. शंभरात नव्व्याण्णव. तेलावर पाणी पडलं की भडका पुरुषभर उंच उठायचा, माणूस मागे पडायचा आणि उस्ताद अगदी शांतपणे म्हणायचे, "मेलास. तुझ्या घरी तार गेली."

आणि तार खरंच लिहायला लावायचे. वाशीच्या तारघरातून ते कोऱ्या फॉर्मांची गड्डीच आणत. तिथला बाबू त्यांच्यावर खेकसायचा, पण गड्डी द्यायचा. मेलेल्या माणसाने मांडी घालून बसायचं आणि आपल्याच हाताने आपल्या घरी तार लिहायची. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. मजकूर ठरलेला: 'अमुक मयत. आगीवर पाणी टाकले. ताबडतोब या.' कुणी बायकोच्या नावाने लिहिली की उस्ताद खोडायला लावायचे. "तिला वाचता येतं? न्हाय ना? मग गावात ज्याला वाचता येतं त्याचं नाव घाल. दारात तार धरून बाई कुणाच्या तोंडाकडं बघत बसंल?" काहीजण हसत हसत लिहायला बसायचे. गावाचं नाव लिहीपर्यंत हसू संपलेलं असायचं.

ते सगळे फॉर्म त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जात. मग पुढचे दिवस एकच काम, पाणी विसरणं. ते म्हणत, "माणूस आईच्या दुधासंगं शिकून येतो, आग म्हंजे पाणी. ह्ये इसरायलाच अठरा दिस लागत्यात. बाकी समदं तीन दिसांत येतं." तेलाची आग, विजेची आग, कशावर वाळू, कशावर कोणता सिलिंडर. आणि वसाहतीतल्या केमिकल कंपन्यांत रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला सोडियम नावाचा धातू, ज्याला पाणी लागलं की स्फोटच. इंग्रजी न वाचता येणाऱ्यांसाठी त्यांनी एका रिकाम्या ड्रमवर थेंबाचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारली होती. तो ड्रम शेडच्या दारात होता. येता-जाता प्रत्येकाने त्याला हात लावून "पाणी न्हाय" म्हणायचं. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसं.

एकविसाव्या दिवशी परीक्षा, पण वेळ सांगायची नाही. कधी जेवताना, कधी विडी पेटवताना शिट्टी वाजायची. ज्याचा हात आपसूक बरोबर बादलीकडे गेला, त्याचा फॉर्म ट्रंकेतून निघायचा. उस्ताद त्यावर लाल पेन्सिलीने आडवं 'जिवंत' लिहायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. "सर्टिफिकेट कंपनीसाठी. ह्यो घरच्यांसाठी. डाव्या खिशात ठेवायचा, कपडे बदलले तरी." ज्याचा हात चुकला त्याचा फॉर्म ट्रंकेतच. तो आणखी सात दिवस राहणार. शेठ कपाळाला हात लावायचा.

नोकरीला लागलेल्यांनाही ते सोडत नसत. सायकलवरून कंपन्यांच्या गेटवर जायचे आणि वाळूच्या लाल बादलीत कोपरापर्यंत हात घालायचे. आतून विडीची थोटकं, गुटख्याच्या पुड्या निघायच्या. त्या गार्डच्या तळहातावर ठेवून पुढच्या गेटवर. एका गेटवर गार्डने वाळूच्या बादलीत झेंडू लावला होता. छान फुलला होता. उस्तादांनी विचारलं, "पाणी घालतूस?" तो अभिमानाने म्हणाला, "रोज." "मग ही बादली न्हाय, कुंडी हाय. आग लागली की हिला नमस्कार कर." शेडमधली वाळू तर ते स्वतः रोज चाळायचे आणि गोणपाटावर वाळत घालायचे. मी एकदा विचारलं, एवढं कशासाठी? चाळणी न थांबवता ते म्हणाले, "फौजंच्या तेलाच्या डेपोत व्हतो तवा एका दोस्ताची तार मी लिवली हुती." पुढचं मी विचारलं नाही, मला तेव्हा दुसरीच घाई होती.

मला सिक्युरिटी ऑफिसर व्हायचं होतं. मी करावे गावचा. खाडीत मासे मिळेनासे झाले, शेतं शहरात गेली. वडील जाळं विणत ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "आमचा पोऱ्या कवा साहेब होनार?" बारावी झालो होतो, टायपिंग येत होतं, पण कारकुनाला गावात कोण साहेब म्हणतो? ऑफिसरला टोपी, खांद्यावर पट्टी, हाताखाली आठ माणसं. त्यासाठी फक्त उस्तादांच्या सहीचं सर्टिफिकेट हवं होतं. मी कोर्सला नाव घातलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसारखा मेलो आणि तार लिहिली: गाव करावे, वडिलांच्या नावे. वडिलांना तेवढं वाचता यायचं.

एकविसाव्या दिवशी मी ऑफिसात टाइप करत होतो. उस्तादांनी माझ्या कचऱ्याच्या डब्यात तेलाची चिंधी पेटवून टाकली आणि शिट्टी वाजवली. मी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि ओतला. माझ्या भुवया जळाल्या. शेठ, चहावाला, नवी पोरं, सगळे बघत होते.

"मेलास," उस्ताद म्हणाले. "आरं, आगीचे ह्ये समदे धडे तूच टाइप करतूस की रं. पानंच्या पानं. तरी पाणीच?"

सगळे खो खो हसले. सात दिवसांनी दुसऱ्यांदा तेच झालं. या वेळी मी शेडमध्येच होतो, वाळू हाताशी होती, आणि हात गेला माठाकडे. माझा फॉर्म ट्रंकेत राहिला. ज्यांना सही करता येत नव्हती असे लोक लाल पेन्सिलीचं 'जिवंत' खिशात घालून माझ्यासमोरून जात होते. खरं सांगतो, त्या दिवसांत मी त्या म्हाताऱ्याचा जितका द्वेष केला, तितका आयुष्यात कुणाचाही केलेला नाही.

मग वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीचं काम आलं. आठ गार्ड आणि एक ऑफिसर, तिसऱ्या दिवशी हजर. शेठने उस्तादांसमोर नऊ कोरी सर्टिफिकेटं ठेवली. उस्तादांनी ती सारखी केली आणि परत दिली. "मेलेली माणसं पाठवू व्हय? त्येंची तार तुम्ही लिवणार का?"

ते गेल्यावर शेठने मला आत बोलावलं. पंखा चालू होता, चहा मागवलेला होता.

"तुझं अक्षर काय मस्त आहे यार. म्हाताऱ्याची सही तर तू रोजच बघतोस."

मी समोरची कोरी सर्टिफिकेटं मोजली.

"टेन्शन नको घेऊस. माणसं साइटवर शिकतात, शेडमध्ये नाय. आठ त्यांची कर, नववं तुझं. त्या गेटवर ऑफिसर तू. बोल."

मी पेन काढलं. पहिली सही जरा हलली, तिसरीपासून उस्तादांनाही ओळखता आली नसती अशी जमली. नवव्या सर्टिफिकेटवर माझंच नाव होतं. ते मी सगळ्यात सावकाश केलं.

दुसरी एक सोय मी आधीपासूनच करत आलो होतो. पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर गावचा पत्ता लिहिला की कागद त्या गावच्या ठाण्यात जायचा आणि तीन-तीन महिने फिरत राहायचा. म्हणून आम्ही कायमचा पत्ता म्हणून आमच्या गाळ्याचाच पत्ता घालायचो. चार दिवसांत शिक्का. सगळ्या एजन्स्या हेच करत. कागदावर साताऱ्याची, माणची, खटावची माणसं आमच्या त्या एका गाळ्यात जन्मली होती.

त्या आठांत एक हमाल होता. बाजारात कांद्या-बटाट्याची पोती उचलून त्याची कंबर गेली होती. गावाकडे दोन मुली. तो एकच दिवस शेडमध्ये बसला होता, मापाचा. माठाशी जाऊन "पिन्यासाठी!" असं एवढ्या मोठ्याने ओरडला होता की उस्तादही हसले होते. दुसऱ्या दिवसापासून तो दिसेना म्हणून उस्तादांनी मला विचारलं. मी म्हणालो, "गावी गेला." सर्टिफिकेट हातात घेताना त्याने मला विचारलं, "सायेब, पन त्ये आगीचं कवा शिकवनार?" मला कुणी साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी म्हणालो, "तिकडे गेल्यावर." त्याने सर्टिफिकेटाला प्लास्टिक घालून आणलं, स्वतःच्या खर्चाने.

कामाच्या अकराव्या दिवशी, भर दुपारी, जेवणाची वेळ. कामगार कँटीनमध्ये. मी गेटवर टोपी घालून उभा. गोदामाबाहेर उतरवलेल्या ड्रमांपैकी एकाच्या झाकणातून धूर निघाला. हमाल त्या बाजूच्या गस्तीवर होता. त्याने माझ्याकडे बघितलं. तो थांबला होता, हे मी विसरू शकत नाही. ऑर्डर ऐकायला तो थांबला होता. वाळूच्या लाल बादल्या त्याच्या उजव्या हाताला भिंतीवर टांगलेल्या होत्या.

मी ओरडलो, "पानी! बघतोस काय, पानी आन!"

बागेच्या नळाखाली बादली भरलेलीच होती. त्याने ती उचलली, वाकलेल्या कमरेने धावला आणि ओतली. ड्रमवर थेंबाचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. मी ते नंतर पाहिलं.

दवाखान्यात तो संध्याकाळपर्यंत जगला. उस्ताद सायकल टाकून आले. आधी त्याच्याजवळ बसले, मग मला घेऊन कंपनीच्या गेटवर. केबिनमध्ये खिळ्याला त्याचा घरचा सदरा टांगलेला होता. उस्तादांनी सवयीने डाव्या खिशात हात घातला, तारेचा फॉर्म काढायला. हातात आलं ते प्लास्टिकमधलं सर्टिफिकेट. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं. स्वतःची सही बराच वेळ पाहिली.

"वहीत पत्ता काय हाय ह्येचा?"

"आपल्या गाळ्याचा," मी म्हणालो.

त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ते बाजारात गेले, गाळ्यागाळ्यावर हमालांना विचारत फिरले आणि त्याचं गाव, पोस्ट, वाचता येणाऱ्या चुलतभावाचं नाव घेऊन आले. मग मला वाशीच्या तारघरात नेलं आणि फॉर्म पुढे सरकवला. "तू लिव. तुझं अक्षर चांगलं हाय. माझ्या सहीवानी."

मी लिहिलं. मजकूर पाठच होता. खिडकीतला बाबू म्हणाला, "एवढं कशाला? 'मयत, या' पुरे." उस्ताद म्हणाले, "जाऊ द्या समदं. घरच्यांना कळू दे कशानं ग्येला." पण कशाने गेला ते त्या तारेत नव्हतंच. 'आगीवर पाणी टाकले' एवढंच होतं. टाक म्हणून कोण ओरडलं, हे नव्हतं, आणि मी ते लिहिलं नाही.

पुढे कंपनीने चौकशी बसवली. तीन मॅनेजर, मध्ये बिस्किटांची बशी. पहिला प्रश्न सर्टिफिकेटाचा. उस्ताद ताठ उभे राहून म्हणाले, "सही माझी न्हाय. त्या गड्याला म्या आग शिकवलीच न्हाय. शिकवली असती तर त्येचा फॉर्म असता." आणि त्यांनी बरोबर आणलेली ट्रंक टेबलावर ठेवली. एक मॅनेजर म्हणाला, "ही रद्दी खाली ठेवा. सही कुणाची, तेवढं बोला." मग त्यांनी मला विचारलं. शेठ छताकडे बघत होता. मी म्हणालो, "त्यांचीच आहे. माझ्यासमोर केली."

दोन वाक्यांत प्रकरण मिटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण तिथे चोरच साक्षीला उभा होता. प्रशिक्षकाने प्रशिक्षण न देता सर्टिफिकेटं वाटली, असा अहवाल झाला. वसाहतीतल्या सगळ्या कंपन्यांना पत्र गेलं की यांच्या सहीचं सर्टिफिकेट यापुढे धरू नये. ते पत्र टाइप मीच केलं.

आठवड्याने उस्ताद चाळणी आणि ट्रंक न्यायला आले. गेटवरच्या वहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'कोणाला भेटायचं' हा रकाना त्यांनी पहिल्यांदाच कोरा सोडला. माठातलं पाणी त्यांनी झाडाला ओतलं. तेव्हा मी बाहेर आलो. का आलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. माफी मागायची हिंमत नव्हती, पण काहीतरी परत मिळावं असं वाटत होतं.

"उस्ताद," मी म्हणालो, "माझा फॉर्म तेवढा द्या."

त्यांनी ट्रंक उघडली. परीक्षा राहिलेली शेवटची पोरं त्यांनी जाण्याआधी पास करून घेतली होती, त्यांचे फॉर्म वाटून झाले होते. तळाला एकच कागद उरला होता. त्यांनी तो काढला, करावे गाव, माझ्या वडिलांचं नाव, माझं नाव, सगळं ओठ हलवत वाचलं. खिशातली लाल पेन्सिल काढली. मी हात पुढे केला. पेन्सिल कागदावर टेकली होती, ती तशीच उचलून त्यांनी परत खिशात घातली.

"खोटं कसं लिवू रं?" ते म्हणाले. त्यांनी कागद ट्रंकेत ठेवला, कडी लावली आणि सायकलला ट्रंक बांधून निघून गेले. पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

मी पुढे मोठ्या कंपन्यांत सिक्युरिटी ऑफिसर झालो. माझ्या केबिनच्या भिंतीवर चार सर्टिफिकेटं आहेत. तीन खरी, पण ती पहिल्याच्या जोरावर मिळालेली. वडील साहेब झालेला मुलगा बघून गेले. तारही आता बंद झाली आहे. तरी घरी एकटा असलो आणि दारावर टकटक झाली की मी लगेच उठत नाही. ती तार लिहून झालेली आहे, माझ्याच अक्षरात, आणि तिच्यावर अजून कुणी 'जिवंत' लिहिलेलं नाही.